न ओळखलेली खिरापत

नातीनं मला एक जाडजूड पुस्तक वाचायला दिलं. प्रेमाचं आणि रहस्याचं. लहानसं गाव, देखणा माणूस, तो दिवेलागणीला कुठं जातो ते कोणालाच ठाऊक नाही, आणि त्याच्यावर जीव टाकून बसलेली एक बाई. नात म्हणाली, "आजी, शेवटपर्यंत पत्ता लागत नाही, झोप उडते." मी अर्ध्यातच मिटून ठेवलं. मला त्या बाईचाच राग आला. माणूस रोज संध्याकाळी गायब होतो आणि ही खिडकीत बसून उसासे टाकते! अगं, उठ की. पदर खोच आणि जा त्याच्या मागं. खिडकीत बसून कधी सवत सापडते होय?

नातीनं विचारलं, "तू काय केलं असतंस?" मी म्हटलं, "असतंस कशाला, केलंच." मग तिनं पिच्छाच पुरवला, म्हणून हे लिहायला बसले. आधीच सांगते, मी जळकी बाई आहे. लग्न झाल्यापासून जळत आले. लोक म्हणतात मत्सर वाईट. असेल बापा. पण चूल जळते म्हणूनच घर जेवतं.

मी घाटावरची, मेहकरची. आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या मधून घाट जातो. वरचे खालच्यांच्या बोलण्याला हसतात आणि खालचे वरच्यांच्या. मला दिली घाटाखाली, नांदुऱ्याला. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालायचा, कचेरीतला हुकूम तिकडून यायचा. घरातला हुकूम मात्र सासूबाईंचा. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सासरे मी येण्याआधीच गेलेले. शेती वडनेर भोलजीकडं, आणि आमचे हे नांदुऱ्याच्या एका जिनात कामाला. कापूस आला की सरकी वेगळी करायच्या मशिनी धडधडायच्या आणि यांच्या टोपीपासून मिशीपर्यंत कापसाचे पुंजके चिकटलेले असायचे. मी ते एकेक वेचून काढायची. मला ते काम फार आवडायचं.

दिसायला हे देखणे होते, ते एक माझ्या नशिबाला भोवलं. उंच, सावळे, कमी बोलणारे. विहिरीवरच्या बाया यांना येताना पाहून पदर सारखा करायच्या. मी त्या सगळ्यांची तोंडं लक्षात ठेवायची. एकीनं मला म्हटलं होतं, "तुह्या नवऱ्याले नजर लागंन वं." मी म्हटलं, "तू आपली नजर तुह्या घागरीवर ठेव."

लग्नाला वर्षं झाली आणि मूल झालं नाही. काय करायचं ते सगळं केलं. नवस, उपास, कोणी सांगितलेला काढा, कोणी सांगितलेलं झाड. आत्याबाई वाईट नव्हत्या, पण सरळ होत्या, आणि सरळ माणसाचं बोलणं जास्त लागतं. आमच्याकडं कोजागरीला घरातल्या पहिल्या लेकराला ओवाळतात. ते लेकरू मिशीवालं झालं तरी आई ओवाळतेच. आत्याबाई यांना ओवाळायच्या आणि ताम्हण खाली ठेवताना म्हणायच्या, "याच्या लेकराले कवा ओवाळू?" म्हणायच्या यांना, पण पाहायच्या माझ्याकडं.

त्या वर्षी पोळा झाला आणि आत्याबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "म्या तुले हाकलून देऊन नाई राह्यली. तू मोठी होऊन राह्य घरात, तुहा मान तुह्यापाशी. पन घराले लेकरू पाह्यजे. माह्या चुलत भावाची पोरगी हाय वडनेरले. कोजागरीले ते आपल्या घरी भुलाबाईले येऊन राह्यली. तू बी पाह्य तिले."

मीच पाहायची म्हणे माझी सवत! तेव्हा दुसरी करणं हा गुन्हा नव्हता. कायद्याला अडचण नव्हती, जातीला नव्हती, अडचण फक्त पहिलीला. मी यांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" हे आढ्याकडं पाहायला लागले. "माय म्हनते तं..." एवढंच. हो नाही आणि नाहीही नाही. मला वाटलं, तांब्या उचलून त्या आढ्यालाच मारावा.

त्यात दुसरंच सुरू झालं. भादवा लागल्यापासून हे रोज दिवेलागणीला बाहेर पडायला लागले. कुठं चाललात म्हटलं की, "जिनात जाऊन येतो." आता नांदुऱ्यातलं शेंबडं पोर सांगेल की भादव्यात जिन बंद असतो. कापूस अजून झाडावर बोंडात, मशिनीला तेल घालून ठेवलेलं, दाराला कुलूप. मग कुलपाशी गप्पा मारता का रोज?

मी नुसती पाहत राहिले. हे ठेचा खाईनात. वऱ्हाडातला माणूस आणि ठेचा नको म्हणतो! लोणचं नको, ताक नको, चिंचेचं वरण नको, भाजीत मीठही नको. नुसती भाकरी, दूध आणि तूप. भर उन्हात शेतात जायचं तर छत्री घेऊन जायचे, शेजारचे म्हातारे हसायचे. आणि रात्री आतलं अंथरूण उचलून अंगणात बाजेवर नेलं. म्हणे उकडते. मला नाही उकडत? तेही एक वेळ चाललं असतं. पण एका सकाळी पाहिलं तर ओठाच्या कोपऱ्याला काळपट चट्टा आणि बारीक फोड. मी विचारलं, "हे काय?"

"पानातला चुना लागला."

"पान कवापासून खाता तुम्ही?"

"खाल्लं एकांदं."

पान! घरात पानाचा डबा नाही, पानाच्या दुकानावर हे उभे राहत नाहीत. मग पान लावून दिलं कोणी? कोणाच्या हातानं? मी पाठ वळवून भाकरी थापायला बसले आणि त्या दिवशीची एक भाकरी गोल झाली नाही. म्हणजे एक सवत वडनेरहून गाडीत बसून येणार होती, आणि एक आधीच गावात कुठंतरी बसलेली होती, पान लावत. पहिलीचं नाव-गाव तरी माहीत होतं. या दुसरीसाठी माझा जीव कासावीस व्हायला लागला. ती कशी असेल, गोरी की सावळी, तिच्या दारात तुळस असेल का, ती यांच्या टोपीला हात लावत असेल का. आरशात पाहिलं तरी मला तीच दिसायची.

भादव्याची पौर्णिमा झाली आणि भुलाबाई बसली. घाटाखाली पोरींचा हा मोठा सण. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा भुलोजी, आणि कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरची बाई झाकलेला डबा आणते आणि पोरींच्या कानापाशी वाजवते. आत काय आहे ते ओळखायचं. तीच खिरापत. ओळखली तर वाटतात, नाही ओळखता आली तर पोरींनी "हारलो" म्हणायचं, मग झाकण उघडतं. मेहकरला माझ्या माहेरी मी यात पटाईत होते. फुटाणे आणि शेंगदाणे तर आंधळाही ओळखेल, मी खोबऱ्याचा तुकडा आणि खोबऱ्याचा कीस सांगायची. म्हणून सासरच्या गल्लीतल्या पोरी मला सोबत न्यायच्या.

त्या वर्षी मी स्वतःहून निघाले. आत्याबाईंना बरं वाटलं, सून चार घरी हसतखेळत जाते म्हणून. मला काय करायचं होतं ते मलाच ठाऊक. सुनेला एरवी कोणाच्या घरात पाय ठेवता येत नाही, पण भुलाबाईच्या संध्याकाळी कोणतंही दार उघडं. मी गाणी म्हणायची आणि डोळे फिरवायची. कोणाच्या खुंटीवर ओळखीचं उपरणं आहे का. कोणती बाई मला पाहून दचकते का. एका मास्तरांच्या बायकोनं पान खाल्लेलं पाहिलं, तर मी तिच्या नवऱ्याकडं आणि तिच्याकडं इतक्या वेळा पाहिलं की ती बिचारी घरात जाऊन तोंड धुऊन आली. पण तिथं काही नव्हतं. गल्ली झाली, पलीकडची आळी झाली, आणि माझी सवत काही सापडेना.

मग एका संध्याकाळी रेल्वे फाटकापलीकडच्या एका पोरीनं आमच्या पोरींना बोलावलं. तिच्याकडंही भुलाबाई होती, पण तिकडं कोणी जात नसे. तिची आई विधवा. सातपुड्याकडून बिबे आणायची, फोडायची आणि आतली गोडंबी काढून विकायची. बिबा म्हणजे जंगलातलं काळं फळ. त्याचं तेल अंगाला लागलं की कातडी उतते, फोड येतात, काळे डाग पडतात. त्याच्या पोटातली गोडंबी मात्र बदामाच्या तोंडात मारेल अशी. धोबी कपड्यावर खूण करायला बिबा वापरतो, तेवढाच सभ्य माणसांचा त्याच्याशी संबंध. पोरी जायला कचरत होत्या. मीच म्हटलं, "चला वं, भुलाबाईले जातगोत असते का?"

बाईचं घर एका खोलीचं, पण सारवून लख्ख केलेलं. ती माझ्याच वयाची. हाताची बोटं काळी, गालावर एक जुना डाग, आणि तरी डोळे असे हसरे की मला पाहताक्षणीच आवडले नाहीत. गाणी झाली. तिनं डबा आणला, वाजवला. पोरींनी फुटाणे, चारोळी, खडीसाखर सगळं सांगून पाहिलं. मी कान दिला. आवाज हलका, कोरडा, लहान दाण्यांचा, आणि झाकणाच्या फटीतून येणारा तो वास. मेहकरला आमच्या घरामागं बाया बिबे फोडत बसायच्या, तो वास मी लहानपणापासून ओळखते.

"गोडंबी," मी म्हटलं.

बाई हसली. "घाटावरली दिसते वं तू!"

पोरी खुश. बाईनं मूठ मूठ वाटली. मी हात पुढं केला आणि तेवढ्यात माझी नजर कोनाड्यात गेली. तिथं चिनी मातीची बुटकी बरणी होती आणि तिच्या तोंडाला हिरव्या कापडाची लाल काठाची पट्टी बांधलेली. ती पट्टी माझ्या लुगड्याची होती. ती गाठ माझ्या हातची होती. आणि त्या बरणीत मी कढवलेलं तूप होतं, जे चार दिवसांपूर्वी घरातून नाहीसं झालं म्हणून मी मांजराला काठी मारली होती.

गोडंबी माझ्या तोंडात कडू झाली. सापडली! माझं दूध, माझं विरजण, माझं घुसळणं, आणि तूप हिच्या कोनाड्यात. नवरा नेला तो नेला, वर तूपही नेलं. पोरींदेखत मी गोडंबी गिळली. घरी येईपर्यंत मी दात असे आवळले होते की जबडा दुखायला लागला.

दुसऱ्या दिवशी हे शेतावर गेले आणि मी आत्याबाईंना सांगितलं, डिंकाच्या लाडवाला गोडंबी पाहून येते. उन्हातान्हात फाटक ओलांडलं. बाई अंगणात बसली होती, हाताला राख चोळून, पुढ्यात दगड आणि बिब्यांचा ढीग. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"ते तूप कोणाचं?"

तिनं दगड खाली ठेवला. घाबरली नाही, त्याचाच मला जास्त संताप आला. म्हणाली, "ज्याचं हाय तो घेऊन येते, अन् तोच लावते."

"कुठं लावते?"

"तोंडाले. अजून कुठी लावंन?"

मी तिच्या अंगावर धावूनच गेले असते. पण दारात जाते तो आत चुलीपाशी सगळं मांडलेलं दिसलं. एक दिवा, दाभण, दुधाचा पेला आणि टोचून जाळलेले बिबे. मी उंबऱ्यातच थबकले. हे मी पाहिलेलं होतं. मेहकरला शेजारच्या एका काकांना असंच द्यायचे. बिबा दाभणाला टोचायचा, दिव्यावर धरायचा, त्याचं तेल थेंब थेंब दुधात पाडायचं आणि ते दूध प्यायचं. पण आधी ओठांना आणि टाळूला तूप माखायचं, नाहीतर तोंड उततं. मीठ नाही, आंबट नाही, तिखट नाही, ऊन नाही. आणि पथ्य संपेपर्यंत बायकोजवळ झोपायचं नाही. अंगणातली बाज मला एकदम आठवली. छत्री आठवली. ठेचा आठवला. पानातला चुना तर असा आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. घाटावरची पोर मी, बिब्याचा फोड ओळखला नाही! बिबा उततो तो फोडणाऱ्या बायांच्या हातावर, असंच डोक्यात बसलेलं. पुरुषाच्या ओठावर कोण शोधतो?

त्या शेजारच्या काकांना ते कशासाठी द्यायचे तेही मला माहीत होतं. त्यांच्या घरी पाळणा हलत नव्हता, आणि त्यांच्या बायकोला पहिल्या नवऱ्याकडून आधीच दोन मुलं होती.

"कशासाठी घेतात हे?" मी तरी विचारलं.

"मले शपथ हाय," बाई म्हणाली. "नको इचारू."

"मग मीच सांगते. खोट त्यांच्यात आहे."

ती खाली पाहायला लागली. हाताची राख झटकून बोलली. "मलकापूरच्या वैद्यानं त्याले सांगतलं. बायकोचं नाई, तुहंच पाह्य म्हने. तवापासून येऊन राह्यला. पह्यल्या दिवशी तं तोंडातून शब्द निंगेना. लय रडला वं माह्यापुढं. लेकरावानी."

इथवर माझं काळीज हलकं होत होतं. पानवाली नव्हती. कोणीच नव्हती. नवरा माझाच होता. आणि मग तिनं ते "रडला" म्हटलं.

माझ्यापुढं या माणसाच्या डोळ्याला कधी पाणी आलं नव्हतं. मला वांझ म्हटलं तेव्हा नाही. माझा बाप गेला आणि मी ऊर फोडून रडले, तेव्हाही हे शेजारी लाकडासारखे बसलेले. आणि हिच्यापुढं लेकरासारखा रडला. हिनं पाहिलं ते. हिनं पदरानं पुसले का डोळे? असली-तसली बाई परवडली असती. तिला झिंज्या धरून ओढता आलं असतं. हिचं मी काय ओढू?

बाईनं एक पुरचुंडी काढली. "कोजागरीले पथ्य सुटते. मंग ही गोडंबी तुपात परतून रोज खायची. त्याची हाय, नेऊन देजो."

मी ती घेतली. बरणीही उचलली. "उद्यापासून दूध मी घरी करते," म्हटलं, पण तसं केलं नाही. बरणी परत कोनाड्यात ठेवली आणि मी आल्याचं यांना सांगू नको म्हणून तिला बजावलं. कारण मला एक पाहायचं होतं. हे आपणहून सांगतात का.

मी संधी दिली. रोज दिली. जेवताना विचारलं, "ठेचा वाढू?" "नको." "काऊन?" "पोट बरं नाई." एकदा अगदी जवळ बसून विचारलं, "काही सांगायचं आहे का तुम्हाला?" हे माझ्याकडं पाहत राहिले. ओठ हलले. मला वाटलं आता. तेवढ्यात आत्याबाई आतून म्हणाल्या, वडनेरच्या पोरीसाठी लुगडं कोणत्या रंगाचं घ्यायचं, आणि हे उठून गेले. म्हणजे बघा, आपल्यातली खोट माहीत असून हा माणूस मला सवत आणू देत होता. ती पोरही माझ्यासारखीच वांझ म्हणून गावभर झाली असती, मग कदाचित तिसरी. आणि हे आढ्याकडं पाहत बसणार. मला इतका संताप कधी आला नव्हता, आणि खरं सांगते, त्या संतापाइतकी ऊब मला कशात वाटली नव्हती.

कोजागरीला वडनेरहून गाडी आली. पोरगी उतरली. मला वाटलं होतं ती टवळी असेल, नखरेल असेल. ती होती साधी, दात मोत्यासारखे, गळा असा की तिनं भुलाबाईचं पहिलं गाणं उचललं आणि रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली. मला तिचा गळा दाबावासा वाटला. आत्याबाई तिला पाहून अशा हसल्या, की तसं हसणं मी त्या घरात पहिल्यांदा पाहिलं. ज्वारीच्या ताटांचा मखर बांधला होता, त्यात भुलाबाई-भुलोजी बसवलेले. दूध चुलीवर आटत होतं. आत्याबाईंनी यांना पाटावर बसवून ओवाळलं. या वेळी "याच्या लेकराले कवा ओवाळू" म्हणाल्या नाहीत. वडनेरच्या पोरीकडं पाहून नुसतं ताम्हण खाली ठेवलं. हे उठून ओसरीबाहेर बाजेवर जाऊन बसले.

चंद्र वर आला. गाणी झाली. आता खिरापत, आणि घरची सून म्हणून डबा माझ्या हातात. मी तो पितळी डबा वाजवला.

"शेंगदाणे!" "नाही." "बत्तासे!" "नाही." "चारोळी!" "नाही."

मी बोलत होते पोरींशी, पण सरकत होते ओसरीच्या दाराकडं. दाराशी जाऊन परत वाजवला. बाहेर बाजेची दोरी कुरकुरली.

वडनेरची पोरगी म्हणाली, "वहिनी, काई खूण तं सांगा."

"सांगते की," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. "फोडताना हात जळते. खायच्या आधी पथ्य पाळा लागते."

पोरी एकमेकींकडं पाहायला लागल्या. "आनखी सांगा!"

"आनखी? फाटकापलीकडून येते. चोरून येते. खाणाऱ्याले वाटते घरात कोनाले ठावूक नाई."

पोरी हसायला लागल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. मी परत डबा वाजवला, आणि पुढची खूण तोंडाशी आली होती. ती खूण ऐकली असती तर लहान पोरीनंही खिरापत ओळखली असती, आणि मोठ्यांनी त्याहून जास्त. मी थांबणार नव्हते. देवाशपथ नव्हते थांबणार.

हे दारात येऊन उभे राहिले. भुलाबाईच्या पोरींमध्ये पुरुष माणूस कधी येत नाही. पोरी एकमेकींच्या मागं सरकल्या.

"माय," हे म्हणाले, "मले दुसरी नाई पाह्यजे."

आत्याबाई उठल्याच. "हे काय इथं सांगाची गोठ हाय?"

"इथंच सांगतो. तिच्यात काई खोट नाई."

"मंग कोनात हाय?"

हे माझ्या हातातल्या डब्याकडं पाहायला लागले. मी डबा पोटाशी घट्ट धरला. सांगा, मी मनात म्हणत होते, आता तरी सांगा. यांचा हात वर गेला आणि ओठाच्या त्या चट्ट्यावर थांबला. आत्याबाईंनी तो हात पाहिला, चट्टा पाहिला, माझ्याकडं पाहिलं. घाटाखालच्या असल्या तरी त्यांनीही जग पाहिलेलं होतं. त्या हळूच खाली बसल्या आणि पोरींना म्हणाल्या, "हारल्या म्हना वं पोरींनो. रात होते."

"हारलो!" पोरी ओरडल्या.

मी झाकण काढलं. गोडंबी पाहून पोरींनी कल्ला केला. सगळी वाटली, पुरचुंडीतला दाणाही ठेवला नाही. वडनेरच्या पोरीनं सगळ्यांत जास्त खाल्ली. तिचं काय, बिचारीचं तोंड पाहून मलाच पहिल्यांदा हसू आलं. आत्याबाईंनी एक दाणा घेतला आणि कितीतरी वेळ चावत बसल्या. मग चुलीवरचं दूध उतरवलं आणि पहिला पेला माझ्या हातात दिला. त्या घरात पहिला पेला तोवर यांचा असायचा.

पोरी गेल्यावर यांनी विचारलं, "सगळी वाटली?"

"सगळी."

"आता मी काय खाऊ?"

"जा," मी म्हटलं, "पुन्हा रडा तिच्यापुढं, देईल."

तेव्हा यांना कळलं की मला तेही माहीत आहे.

वडनेरची पोरगी पुढं चिखलीकडं दिली, तिला भराभर पोरं झाली. आमच्याकडं झालं नाही. पुढं हिवाळ्यात पुन्हा बिबा झाला, दूध मीच केलं, तूप मीच लावलं, आणि काही उपयोग झाला नाही. मग चुलत दिराचा धाकटा दत्तक घेतला. त्याचीच ही लेक, माझी पुस्तकवाली नात. आत्याबाईंनी मरेपर्यंत पुन्हा "लेकरू" हा शब्द माझ्यापुढं काढला नाही. लोक मात्र मलाच वांझ म्हणत राहिले, आणि मी म्हणू दिलं. ते मला जड गेलं नाही. जड गेली ती फाटकापलीकडची बाई. तिच्याकडून गोडंबी घेताना मी भावात घासाघीस करायची, वजन दोनदा पाहायची, आणि यांना कधी पाठवायची नाही. ती हसायची. मला तिचं हसणं शेवटपर्यंत आवडलं नाही.

आम्ही म्हातारे झालो तेव्हा ती गेली. तिची पोरगी सांगायला आली. हे अंगणातल्या बाजेवर बसले होते. पोरगी गेली, आणि हे तसेच बसून राहिले. मी पाणी घेऊन गेले तर यांच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या. माझ्यापुढं. पहिल्यांदा.

मी तांब्या खाली ठेवला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं शेवटी विचारलं, "तेव्हा तिला आधी काऊन सांगितलं? मला काऊन नाही?"

हे नाक पुसत म्हणाले, "तिची लाज वाटत नव्हती. तुही लाज लय वाटे."

कोणी दुसरी असती तर ह्यावर विरघळली असती. म्हणाली असती, ज्याची लाज वाटते त्याच्यावरच जीव असतो. मीही शेजारी बसले, पदरानं यांचे डोळे पुसले. पुसता पुसता म्हटलं, "रडा. आज तरी माझ्यापुढं रडा." आणि हे रडले, लेकरासारखे, अगदी तिनं सांगितलं होतं तसे. जन्मभर मी ह्याचीच वाट पाहिली होती, आणि ते आलं तेही तिच्यासाठीच.